चाचांच्या कानापर्यंतची पांदण

अर्जदार: मी स्वतः. धंदा अर्जनवीस, वय पन्नाशीच्या पुढे, बैठक अकोल्याच्या कचेरीच्या फाटकाबाहेर, निंबाच्या झाडाखाली.

ज्यांच्यासाठी अर्ज: माझ्या टेबलाला टेबल लावून बसणारे टंकलेखक, राहणार बाळापूर, ज्यांना अवघी कचेरी चाचा म्हणते.

गैरअर्जदार: कानात घालायचे ऐकण्याचे यंत्र बनवणारी एक छोटी कंपनी आणि तिला विकत घेणारी एक मोठी कंपनी.

तारखा: पहिली, ज्या दिवशी ही खरेदी वर्तमानपत्रात आली ती. दुसरी, ज्या दिवशी जुने अ‍ॅप बंद झाले ती. तिसरी, म्हणजे सुनावणीची, अजून पडलेली नाही.

साक्षीदार: फाटकाजवळची चहावाली बाई, अमरावतीच्या कान तपासणाऱ्या मॅडम, आणि माझी पत्नी. पत्नीची साक्ष काही ठिकाणी माझ्याविरुद्ध जाते, परंतु ती खरी असल्यामुळे वगळलेली नाही.

रकान्यांत नावे नाहीत याचे वाचकांना नवल वाटेल. आयुष्यभर मी नावांनिशी अर्ज सांगितले आणि त्यातून एक गोष्ट शिकलो, की नाव दिसले म्हणजे वाचणारा माणूस आधी जात, गाव आणि ओळख शोधतो, मजकुराकडे मागाहून वळतो. येथे मजकुराकडे आधी पाहिले जावे अशी माझी इच्छा आहे.

शाळेने मला दहावीच्या दारात सोडले. पुढचे शिक्षण मी लोकांच्या भांडणांवर घेतले. वाटणी, वारसा, बांध, विहीर, रस्ता या विषयांत माझ्याइतके कागद या आवारात फार थोड्यांच्या डोळ्यांखालून गेले असतील. हे मी गर्वाने नव्हे, नोंद म्हणून लिहितो. नवीन वकील मंडळी आडून आडून माझ्याकडे येतात आणि जुन्या मराठीतले एखादे वाक्य मागून नेतात, हीही नोंदच समजावी.

माझी कामाची पद्धत इतर अर्जनवीसांहून वेगळी आहे. मी हाताने लिहीत नाही. पक्षकार समोर बसतो, त्याचे सगळे म्हणणे मी ऐकून घेतो, मग डोळे मिटून अर्ज सांगू लागतो आणि चाचा तो टंकतात. पूर्वी त्यांच्यापुढे टंकयंत्र होते, आता संगणक आणि प्रिंटर आहे. बाकी काही बदललेले नाही. सांगताना मी रंगात येतो, आणि रंगात आलो की चाचांची बोटे थांबतात. बोटे थांबली की मी डोळे उघडतो.

"काय झालं चाचा?"

"काई नाई बॅरिष्टर. तुमी सांगा. मी पाहून राहिलो का हे वाक्य संपते का आपली सुट्टी आधी लागते."

ते मला बॅरिष्टर म्हणतात. सुरुवातीला मी रागावलो होतो; नंतर तो माझा हुद्दा होऊन बसला. वाक्य मी तोडून देतो, चाचा मान हलवतात, बोटे पुन्हा चालू लागतात. आमचे अर्ज साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात असा जो लौकिक आहे, त्यात या थांबण्याचा वाटा मोठा आहे.

बार्शीटाकळीची गाडी लागेपर्यंत सकाळी पक्षकार नसतो. त्या वेळात मी वर्तमानपत्रातले उद्योग-व्यापाराचे पान मोठ्याने वाचतो. पहिल्या पानावरचे सारे जग जाणते. परंतु आतल्या पानावर दररोज अशी नवलाची प्रकरणे छापून येतात, की त्यांच्यापुढे आमच्या कचेरीतली प्रकरणे साधी वाटावीत. एखादी कंपनी वर्षानुवर्षे तोट्यात असते आणि तरी तिची किंमत वाढत जाते. आमच्याकडे तोट्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. मग या कंपनीत लोक काय पाहतात? एखादा फोन आधीच्याहून पातळ झाला, म्हणून त्याचा सोहळा होतो. पातळ झाल्याने बोलणाऱ्याचे काय सुधारले? असे प्रश्न मला पडतात, आणि त्यांची उत्तरे माहीत असल्याचा आव मी आणत नाही. माझ्या स्वभावात ही जिज्ञासा आहे आणि तिने मला या वयातही विद्यार्थी ठेवले आहे.

एकदा मी झोप मोजणाऱ्या घड्याळाची बातमी वाचली.

"झोप मोजाले घड्याळ?" चाचा म्हणाले. "माह्या घरी फुकटात मोजून राहिली ना. सकाळी उठल्याबरोबर हिशेब देते, किती घोरले आन् कोन्या कुशीवर."

"आन् त्या घड्याळाले बंद कराची कळ तरी असन," चहावाली बाई कप ठेवता ठेवता म्हणाली.

हे सगळे चालत होते ते चाचांना ऐकू येत होते म्हणून. मधली काही वर्षे त्यांचा कान मंदावत गेला होता. मी ओरडून सांगू लागलो होतो, आणि अर्ज ओरडून सांगणे ही फार वाईट गोष्ट आहे, कारण एका घरातली भानगड अख्ख्या फाटकाला समजते. तेव्हा अमरावतीला दिलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना हे यंत्र आणून दिले. दोन्ही कानांत बसणारे, घेवड्याच्या दाण्याएवढे. फोनमधल्या अ‍ॅपवर ते जुळवता येत असे. अमरावतीच्या मॅडमनी कान तपासून कोणता आवाज किती वाढवायचा आणि कोणता दाबायचा हे ठरवून दिले, आणि ती जुळणी कंपनीकडे साठवली गेली.

यंत्र घालून चाचा पहिल्या दिवशी टेबलावर बसले, दोन ओळी टंकल्या आणि थबकले.

"बॅरिष्टर, हे बटनं वाजतात?"

"वाजतात ना. पहिल्यापासून."

"अल्ला कसम, मले वाटलं का संगनक आल्यापासून मुकेच झाले."

त्या दिवशी त्यांनी उगाचच जास्त टंकले. दुपारी एका बाईने आपल्या दिराविषयी मला हळू आवाजात काही सांगितले. ते चाचांनी ऐकले, अर्जात घेतले नाही, आणि मला नुसते डोळ्यांनी विचारले. मी मान हलवली. यंत्र म्हणजे काय हे मला त्या मान हलवण्यात समजले.

मग ती बातमी आली. आमच्या चाचांच्या कानातली छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. मोठी कंपनी म्हणजे पंखे, टीव्ही, फोन, हेडफोन, सगळे विकणारी. बातमी मी मोठ्या कौतुकाने वाचली. मोठ्या कंपनीचा शेअर वधारला होता आणि तिच्या अध्यक्षांचे हसरे छायाचित्र होते.

"म्हणजे माहा कान आता मोठ्या घरान्यात गेला," चाचा म्हणाले.

"हुंडा काय देला?" चहावालीने विचारले.

आम्ही तिघेही हसलो. त्या बातमीत 'ग्राहकांना अधिक चांगला अनुभव' असे शब्द होते. माझ्या धंद्याने मला शब्द वजन करून घ्यायला शिकवले आहे; परंतु आनंदाच्या बातमीत ताजवा कोण काढतो?

त्यानंतर चाचांच्या फोनवर संदेश येऊ लागले. मजकूर असा, की जुने अ‍ॅप अमुक तारखेला बंद होईल, तत्पूर्वी नवे अ‍ॅप घ्यावे आणि आपली जुळणी त्यात हलवावी. ही अंतिम मुदत आहे.

येथे कचेरीचा रिवाज सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो ठाऊक नसलेल्या वाचकाला आमचे वागणे मूर्खपणाचे वाटेल. आमच्या फाटकाच्या आत 'अंतिम' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. पहिली तारीख ही कळवण्यासाठी असते. दुसऱ्या तारखेला साहेब दौऱ्यावर असतात. त्यानंतर 'अंतिम संधी' मिळते आणि तिच्या मागून 'अखेरची अंतिम संधी'. पहिल्याच नोटिशीवर धावत येणारा माणूस आमच्याकडे अडाणी समजला जातो. त्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवतो. चाचांचे सारे आयुष्य 'अंतिम' हा शब्द टंकण्यात गेले होते. त्याला कोणी भ्यावे?

"अंतिम आली," चाचांनी फोन दाखवला.

"अजून अखेरची अंतिम यायची आहे," मी म्हणालो.

"होय जी. हे त पहिलंच बोलावनं."

तारीख आली आणि गेली. जुने अ‍ॅप उघडेनासे झाले, परंतु कानातले यंत्र पूर्वीसारखेच चालत होते. आधीची जुळणी त्याच्या पोटात होती. रिवाज खरा ठरला असे आम्हांला वाटले. पुढे चाचा हिवरखेडला नात्यातल्या शादीला गेले आणि चार्जर बाळापूरला विसरून आले. यंत्र पुरते विझले. परत येऊन चार्ज केले तेव्हा ते चालू झाले, पण कोरे होऊन, जसे कारखान्यातून निघाले होते तसे. मॅडमनी केलेली जुळणी पुसली गेली होती.

सोमवारी चाचा आले आणि आल्याबरोबर दोन्ही दाणे काढून टेबलावर ठेवले.

"काय झालं?"

त्यांनी माझे तोंड पाहिले, अंदाज घेतला आणि म्हणाले, "सगळंच एकसारखं येऊन राहिलं बॅरिष्टर. तुमचा आवाज, ट्रकचा हॉर्न, पानाची सळसळ, सगळ्याईले एकच भाव. बजारात उभा असल्यावानी."

यंत्र बंद पडले असते तर दुरुस्ती तरी म्हटली असती. ते चालू होते, पण चाचांचे राहिले नव्हते.

आम्ही अमरावतीला गेलो. मी टेबल बंद ठेवून गेलो, ही गोष्ट पत्नीने साक्षीत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्या भावाच्या साखरपुड्यालाही मी टेबल बंद ठेवले नव्हते. मूर्तिजापूरपर्यंत चाचा खिडकीबाहेर पाहत राहिले. एरवी ते बाहेरच्या प्रत्येक शेतावर मत देतात. अमरावतीत उतरल्यावर मी त्यांना गिला वडा खाऊ घातला. दह्यात भिजलेला वडा खाताना माणूस बोलत नाही, त्यामुळे तेवढा वेळ आम्ही दोघे पूर्वीसारखे दिसलो.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी कान पुन्हा तपासले आणि आलेखाचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"काका, यांना काय हवंय ते मला माहीत आहे. हे बघा, सगळं इथे आहे. पण ते यंत्रात भरायचं तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि नव्या मालकांनी या मॉडेलसाठी ते बंद केलंय. नवं अ‍ॅपही मुदतीनंतर हे यंत्र घेत नाही. मी दोनदा कळवलं त्यांना."

"यंत्र यांचं, कान यांचा, जुळणी तुमची," मी म्हणालो. "मग कंपनीचे यात काय उरले?"

"किल्ली," मॅडम म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी या एका शब्दावर विचार करीत बसलो, आणि खरे सांगायचे तर दुःखाइतकेच मला नवलही वाटत होते. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत झाले, ताबा दिला, फेरफार झाला की विकणारा बाजूला होतो. या नव्या वस्तूंचे तसे नाही. पैसे आपण देतो, वस्तू आपल्या घरी येते, परंतु ताब्याचा एक धागा विकणाऱ्याच्याच हातात राहतो, आणि तो धागा तो तिसऱ्याला विकू शकतो. वाचकांनी आपल्या घरातला टीव्ही, फोन, घड्याळ यांकडे या दृष्टीने एकदा पाहावे. सातबारावर आपले नाव आणि कब्जेदार वेगळाच, अशी स्थिती घरोघरी आहे, आणि कोणी तक्रार करीत नाही, याचे कारण मी अजून शोधतो आहे.

यावर उपाय मला रुळाच्या कडेच्या शेतांनी सुचवला. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेला पांदण म्हणतात. पुढचे शेत विकले गेले तरी मागच्या शेतकऱ्याची वहिवाटीची पांदण मिटत नाही. नवा मालक शेत घेतो ते पांदणीसकट घेतो. हे तत्त्व सांगणारे अर्ज मी इतके सांगितले आहेत, की झोपेत उठवले तरी सांगेन. मग कंपनी विकत घेणाऱ्याने तिच्यातून जाणारी चाचांची वाट कशी काय नांगरली?

मुद्दा सापडला, पण दार सापडेना. कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर यंत्राचा आवाज होता. तो दर वेळी नवे मॉडेल सुचवून सवलत देऊ करत असे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मदत फोनवर, याचे मला विशेष वाटले. मी लेखी अर्ज पाठवला. पोच आली, उत्तर नाही. तेव्हा मला कळले, की मी उपरा आहे. हितसंबंध नसलेल्याचा अर्ज कोणतीही कचेरी पहिल्या पानावरच बाजूला ठेवते. माझा हितसंबंध काय? कान चाचांचा होता.

म्हणून मी त्या मोठ्या कंपनीचा शेअर घेतला. एकच घेतला. मालकाला मालकाच्या नात्याने विचारता यावे, एवढाच हेतू.

शेअर घेण्यासाठी फोनवर खाते उघडावे लागते, हा एक अभ्यासाचा विषय आहे. त्या अ‍ॅपने मला कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावायला लावले. पत्नी दारात उभी होती.

"कोनाले डोया मारून राहिले जी?"

"मी जिवंत आहे हे कंपनीला दाखवतो आहे."

"त मले विचाराचं होतं त्याईनं."

व्यवसायाच्या यादीत शेतकरी, गृहिणी, डॉक्टर, निवृत्त असे सारे होते, अर्जनवीस नव्हता. मी 'व्यावसायिक' निवडले आणि माझ्या मते ते योग्यच होते. पांढऱ्या कागदावर सही मागितली तेव्हा सवयीने सहीखाली हुद्दा आणि ठिकाणही लिहिले. ते अ‍ॅपने नाकारले आणि नुसती सही मागितली. शेअर खात्यात दिसला त्या दिवशी मी घरातला त्या कंपनीचा पंखा पुसून घेतला. पत्नीच्या साक्षीत हेही येईल.

चाचांना मी हे कागदावर लिहून कळवले. एव्हाना आमचे बोलणे कागदावर आले होते. मी हाताने अर्ज लिहायचो आणि चाचा पाहून टंकायचे. काम होत होते. पण बोटे थांबत नव्हती. लिहिलेले वाक्य जसे असेल तसे ते टंकून मोकळे होत. माझे अर्ज लांब होऊ लागले. एका साहेबांच्या शिपायाने मला सांगितले, की हल्ली तुमच्या अर्जांच्या पहिल्या पानावरच साहेब सही करतात. ही स्तुती नव्हती.

याच काळात चहावालीने मला आपल्या फोनमधली एक सोय दाखवली. बोलले की फोन मराठीत लिहितो. मी चाचा जेवायला गेले असताना करून पाहिले आणि मान्य करतो, की यंत्राने शुद्ध लिहिले. परंतु पक्षकाराने भावाला दिलेली शिवी त्याने लिहिली, निंबापलीकडून ओरडणाऱ्या हमालाचे वाक्य लिहिले आणि 'न्याय मिळावा ही विनंती' याच्या मागोमाग 'दोन हाफ चाय' असेही लिहिले. मी डोळे मिटून सांगत राहिलो आणि मला कोणी थांबवले नाही. चाचा परत आले तेव्हा तो कागद त्यांनी पाहिला. सगळा वाचला.

"हे फोननं लिहिलं?"

मी मान हलवली.

"चांगलं लिहिते जी." मग कागद घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला. "मी या दिवाईनंतर संगनक बाळापूरले नेऊन टाकतो, बॅरिष्टर. पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसन. तिथं काय, नोटा त मुक्याच राहतात."

मी लिहिण्यासाठी कागद ओढला, पण काय लिहावे ते सुचले नाही. अर्जनवीसाला न सुचणे ही नोंद करण्याजोगी बाब आहे, म्हणून येथे केली.

कंपनीची वार्षिक सभा फोनवर भरली. ज्या भागधारकांना बोलायचे आहे त्यांनी आधी नाव द्यायचे होते. मी दिले होते. पत्नीने इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि म्हणाली, "खाली पायजामा चालन, तो दिसत नाई." चाचा माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसले. त्यांना ऐकू येणार नव्हते, तरी ते बसले. पडद्यावर लहान लहान चौकोनांत अध्यक्ष, संचालक आणि देशभरचे भागधारक दिसत होते.

मला वाटले होते, येथे हिशेबावर कडाक्याची चर्चा होईल. परंतु सभा मोठी गमतीची निघाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अध्यक्षांवर चार ओळींची कविता म्हटली. एका बाईंनी विचारले, की पूर्वी प्रत्यक्ष सभेत मिठाईचा डबा मिळायचा, आता फोनवरच्या सभेत तो घरी का पाठवत नाही? एकाने कारखाना दाखवायला न्यावे असे सुचवले. हे सारे माझ्यासारखेच मालक! आमच्या गावच्या ग्रामसभेत आणि या सभेत फरक फक्त पंख्याच्या वाऱ्याचा होता. मला त्या कंपनीविषयी एकाएकी आपुलकी वाटली.

माझा पुकारा झाला. मी उभा राहिलो, मग पायजाम्याची आठवण होऊन पुन्हा बसलो. मराठीत बोललो. आधी माझा हितसंबंध सांगितला, मग चाचांची हकीकत, मग पांदण. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवले.

"एक मिनिट. पांदण म्हणजे काय?" त्यांनी मोडक्या मराठीत विचारले.

त्या दिवशी त्या सभेत विचारलेला तो एकमेव खरा प्रश्न होता, आणि तो अध्यक्षांनी विचारला याबद्दल मी त्यांना श्रेय देतो. मी समजावले, की पुढचे शेत तुम्ही घेतलेत, उत्तम केलेत. मागच्या शेतात एक म्हातारा माणूस राहतो आणि त्याची वाट तुमच्यातून जाते. शेजारच्या चौकोनातल्या बाईंनी खाली पाहून काही लिहून घेतले.

"आपली सूचना आम्ही नोंदवली आहे," अध्यक्ष म्हणाले. "आमचे लोक आपल्याशी संपर्क करतील."

सभा पुढे गेली. चाचांनी माझ्या दंडाला हात लावला.

"काय म्हनले?"

मी कागदावर लिहिले: नोंद घेतली.

चाचा हसले. "नोंद घेतली म्हनजे फाइल खाली गेली ना, बॅरिष्टर."

"ते ऐकून घेत होते," मी मोठ्याने म्हणालो, आणि मग तेही लिहून दाखवले.

संपर्क झाला. त्यात नव्या यंत्रावर भागधारकांसाठी विशेष सवलत होती आणि माझ्या अमूल्य सूचनेबद्दल आभार होते. चाचांनी सवलतीचा तो मजकूर वाचला आणि नकार दिला. यंत्र जुने झाले नाही, मोडले नाही, मुलीने दिले आहे, मग दुसरे काहून घ्यावे, असे ते म्हणाले. मला त्यांच्या म्हणण्यात कोणताही दोष सापडला नाही, आणि दोष शोधणे हे माझे काम आहे.

आमची बाजू कोठे लंगडी आहे हे मला ठाऊक आहे. मुदत आम्ही चुकवली. कंपनी म्हणेल, कळवले होते. कळवले होते, हे मान्य. परंतु मुदत चुकलेल्या माणसासाठी आमच्या साध्या कचेरीतही एक खिडकी असते. तिला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. उशीर का झाला हे सांगायचे, कारण खरे वाटले तर साहेब दार पुन्हा उघडतात. एवढ्या मोठ्या कंपनीत, जिथे झोप मोजता येते, तिथे ही खिडकी कोणी कशी ठेवली नाही, याचे मला खरोखर कुतूहल आहे. विरोधापेक्षा कुतूहलच अधिक आहे, हे गैरअर्जदारांनी कृपया ध्यानात घ्यावे.

सबब, भागधारक या नात्याने आणि शेजारी या नात्याने माझी विनंती अशी:

मुदत चुकण्याचे कारण हे, की अर्जदार आणि चाचा ज्या आवारात वाढले तेथे शेवटची तारीख शेवटची नसते. हे कारण सद्भावनेचे मानून विलंब माफ करावा. जुने अ‍ॅप एका दिवसासाठी उघडावे, किंवा त्याची किल्ली अमरावतीच्या मॅडमकडे द्यावी; जुळणी त्यांच्याकडे तयार आहे, कंपनीला काही श्रम पडणार नाहीत. दोन्ही अमान्य असल्यास तसे कारणांसह कळवावे, सवलतीचा कागद जोडू नये.

निर्णय दिवाळीच्या आत व्हावा. त्यानंतर माझ्या शेजारचे टेबल रिकामे असेल आणि निकाल कोणाला लागू करावा हा प्रश्न उरेल.

उत्तर फोनवर देऊ नये. ज्यांच्यासाठी ते मागितले आहे त्यांना सध्या ऐकू येत नाही. म्हणून लेखी, ठळक अक्षरांत आणि मराठीत द्यावे, ही नम्र विनंती.